महिला भजनी मंडळात पट्टी कुणाची धरायची?

सुरंगी
रत्नागिरी तालुक्यात खाडीच्या तोंडाशी आमची वाडी आहे. वाडीत बायकांचं भजनी मंडळ आहे. एकादशीला देवळात, श्रावणात घरोघरी, गणपतीत रोज एक-दोन घरं आणि नवरात्रात जागर, असा आमचा वर्षाचा क्रम. रीतसर गाणं कुणीच शिकलेलं नाही. शाळकरी मुलीपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या काकींपर्यंत सगळ्या एका सतरंजीवर बसतात.

गेल्या वर्षीपासून पेटीवर वाडीतलीच एक मुलगी बसते. क्लासला जाऊन शिकलेय, हात गोड आहे. ती काळी चार धरते, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी सा मानते. तरुण बायकांना ती पट्टी मानवते, कडवं छान खुलतं. पण साठीच्या पुढच्या बायका धृपदापुरत्या असतात आणि चाल वर गेली की नुसत्या टाळ वाजवत बसतात. त्यातल्या दोघींनी आता येणंच सोडलंय. विचारलं की म्हणतात, गुडघे दुखतात. गुडघे पूर्वीही दुखायचेच, तरी यायच्या.

माझं म्हणणं, पट्टी खाली आणावी. मंडळात दुसरा गट आहे, त्यांचं म्हणणं असं की नवरात्रात स्पर्धा आहे, खालच्या पट्टीत भजन पडतं, उठाव येत नाही. वाद चिघळण्याआधी विचारतेय. ज्यांच्या तोंडून आम्ही ही भजनं उचलली त्याच गप्प बसणार असतील तर मला ते मंडळ वाटत नाही. तुमच्याकडे काय करतात?

दर्यावर्दी
वाचतोय. आमच्या आईच्या मंडळात हाच घोळ चालू आहे.

राजापुरी
खाली आणा. यात विचारायचं काय?

केतकी_गुहागर
इतकं सोपं नाही हो. आम्ही हे करून बसलोय. सरसकट सगळं खाली आणलं आणि ज्या चाली मुळातच मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, फिरतात त्यांचा मुखडा ऐकूच येईना. मागच्या ओळीतल्या बायकांना तर आपण गातोय की पुटपुटतोय ते कळेना. तरुण मुलींचा आवाज खाली लागत नाही, त्यांच्या घशातून नुसती हवा येते. म्हणजे एका टोकाच्या बायका गप्प होत्या, त्याऐवजी दुसऱ्या टोकाच्या झाल्या. सुरंगीताई, तुमची कळकळ पटते, पण मंडळात सोळा-सतरा वर्षांच्या मुलीही आहेत. त्या निघून गेल्या तर पुढच्या पिढीला भजन शिकवणार कोण?

भाताचं_शेत
केतकीताईंना अनुमोदन. आणि स्पर्धेला एवढं वाईट समजू नका. आमच्या मंडळातल्या कित्येक जणींनी माईक पहिल्यांदा हातात धरला तो स्पर्धेतच. बक्षिसाच्या पैशांत आम्ही स्वतःची पेटी घेतली. त्याआधी पुरुष मंडळाची मागून आणायचो, आणि त्यांचा कार्यक्रम असला की आमचा रद्द.

पेटीमास्तर_संगमेश्वर
पेटी वाजवत आयुष्य गेलं, बायकांच्या मंडळांनाही बरीच साथ केली. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, 'बायकांची पट्टी काळी चार' हा काही नियम नव्हे. मैफलीत गाणाऱ्या, रोज रियाज करणाऱ्या बायका साधारण काळी चार, पांढरी पाच, कुणी काळी पाच धरतात. क्लासमध्ये मुलींना तेच शिकवतात आणि बोटांना तीच सवय लागते. म्हणजे पुष्कळदा पट्टी गळा ठरवत नाही, पेटीवाल्याची बोटं ठरवतात. पुरुष पेटीवाला आला तर याच्या उलट. तो आपली काळी एक सोडत नाही आणि मग बायकांची खरी कोंडी होते. त्या षड्जाला (सा) खाली जावं तर पुरुषी खर्जात उतरावं लागतं, सप्तक चढवून गावं तर तार षड्ज ओरडल्याशिवाय लागत नाही. काळी एकवर गाणारी बायकांची मंडळं मी पाहिलीत. अर्ध्या तासात सगळ्यांचे घसे बसतात.

दुसरी गोष्ट, पट्टी मंडळाची नसते, चालीची असते. प्रत्येक चालीचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सूर कागदावर लिहा. जी चाल तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत, जाते तिला काळी चार म्हणजे वयस्क गळ्यांवर अत्याचार. तीच पांढरी चारवर घेतली की वरचा सूर तीन पट्ट्यांनी खाली येतो आणि सगळ्या पोचतात. जी चाल मंद्र पंचमात रेंगाळते ती मात्र खाली आणू नका, तिथे केतकीताई म्हणतात तेच होणार. दोघींचं बरोबर आहे, फक्त दोघींच्या डोळ्यांपुढे वेगवेगळ्या चाली आहेत.

तिसरी गोष्ट पखवाजाची. तो षड्जाला मिळवलेला असतो. दर भजनाला पट्टी बदललीत तर वादक बिचारा हातोडी घेऊनच बसेल. एका बैठकीत दोनच पट्ट्या ठेवा आणि बदल एकदाच करा, मध्ये आरतीचं ताट फिरतं तेव्हा. तेवढ्यात पखवाजाचे लाकडी गठ्ठे ठोकून सूर मिळवून होतो.

सुरंगी
मास्तर, फार उपयोगी लिहिलंत. वरचा-खालचा सूर लिहायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. आज रात्रीच वहीत काढते.

बाबल्याची_आवस
आमच्या हय फुगडेच्या गाण्यांका पेटी नसता. जी म्हातारी गाणा सुरू करता तिचोच सूर, बाकीच्यांनी तेच्यात मिसळूचा. चवथीक रातभर फुगडे चलतत, पण कोणाचो घसो बसलेलो मी बघूक नाय. माका वाटता, पेटी इली आणि म्हाताऱ्यो गप झाल्यो. सूर आधी गळ्यातसून येवक् व्हयो, मगे पेटयेतसून.

दर्यावर्दी
बाबल्याच्या आवशीक एक लाख मार्क!

अबोलीचा_वळेसर
अगदी. माझी आजी वेंगुर्ल्याची. ती जात्यावरच्या ओव्या गायची ते बोलण्याच्या आवाजापेक्षा फार तर थोडं वर. दळताना श्वास लागलेला असतो, तरी ती गाऊ शकायची, कारण गळ्यावर जोरच नव्हता. आता रेकॉर्डिंग ऐकून गातो आपण. रेकॉर्डिंगमधली बाई तयारीची असते आणि तिच्या पट्टीत आपण सगळ्या ओढल्या जातो.

निसर्ग_डॉक्टर_नव्हे
नाव असं असलं तरी मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे, प्रॅक्टिस चिपळूणला. या धाग्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझ्याकडे येणाऱ्या अनेक बायका 'माझा आवाज गेला' म्हणून येतात आणि त्यांना आजार काहीच नसतो.

पाळी गेल्यानंतर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं. त्याचा परिणाम स्वरतंतूंवरही होतो, ते थोडे जाड होतात आणि आवाज खाली उतरतो. बाईच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा कंप पावतात, पुरुषाच्या बोलण्यात १०० ते १२५ वेळा. उतारवयात बाईचा आकडा खाली सरकतो आणि वरचे सूर आधी जातात. पुरुषांचं बरेचदा उलट होतं, म्हातारपणी तंतू पातळ होऊन आवाज चढतो. म्हणजे तुमच्या काकींचा आवाज 'गेलेला' नाही, त्यांची पट्टी बदललेय. चाळिशीत त्या काळी चारला गात असतील, आता त्यांना पांढरी चार किंवा त्याहून खालची लागेल. पट्टी तीच ठेवून त्यांनी जोर लावला तर घसा खरंच बिघडेल.

दोन सूचना. थायरॉइड कमी झाला तरी आवाज जड आणि घोगरा होतो, आणि मध्यमवयीन बायकांत हे बरंच आढळतं, तेव्हा थकवा, वजन वाढणं असं काही सोबत असेल तर रक्त तपासून घ्या. आणि घोगरेपणा तीन आठवड्यांच्या वर टिकला तर हळद-दुधावर थांबू नका, घसा दाखवा.

केतकी_गुहागर
डॉक्टर, हे माहीतच नव्हतं. आमच्याकडे एक मावशी 'देवाने आवाज काढून घेतला' म्हणून रडल्या होत्या. त्यांना हे वाचून दाखवते.

तानपुरा
गंगूबाई हनगल (१९१३-२००९) आठवा. सुरुवातीच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्यात तर बारीक, चढा आवाज आहे. पुढे घशावरच्या उपचारानंतर आवाज पार बदलला, जड आणि पुरुषी म्हणावा असा झाला. त्यांनी तोच आवाज घेऊन किराणा घराण्याचं गाणं उभं केलं आणि आज आपल्याला गंगूबाई म्हटलं की तोच आठवतो. खालचा आवाज हे बाईचं वैगुण्य आहे असं कुणी सांगायला लागलं तर त्यांचं नुसतं आलाप ऐकवावं. आणि किनाऱ्यावरचंच उदाहरण हवं तर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर. त्यांचा तो मोकळा, भरदार आकार! १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या ध्वनिमुद्रिकेत भारतातून निवडलेला आवाज त्यांचाच आहे.

राजापुरी
मग पेटीच काढून टाका ना. नाहीतरी परदेशी वाद्य. टाळ, पखवाज आणि गळे एवढंच पुरतं.

पेटीमास्तर_संगमेश्वर
परदेशी खरंच. पॅरिसच्या देबँ यांनी १८४२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आणि तुमच्यासारखा विचार करणारे पूर्वीही होते, आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं. आक्षेप काय, तर मिंड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही आणि सूर ठोकळेबाज. शास्त्रीय गाण्यासाठी त्यात तथ्य आहे. पण वाडीतल्या वीस-पंचवीस बायकांना एका सुरात धरून ठेवायचं तर पेटीइतका आधार दुसरा नाही. पेटी काढू नका, तिला ऐकायला शिकवा. आधी बायकांनी चाल उचलायची, मग पेटीने सूर शोधायचा. बाबल्याच्या आवशीने सांगितलं तेच मी सांगतोय.

खाडीकाठ
थोडं विषयांतर. पेटीचा विषय निघालाच आहे तर, पावसात पट्ट्या चिकटतात त्याला काय करता? आमची आषाढात तर धरलेला सूर सोडतच नाही, भजन संपलं तरी गात राहते.

पेटीमास्तर_संगमेश्वर
लाकूड फुगतं, दुसरं काही नाही. खोलीत उघड्यावर ठेवू नका. कपाटात ठेवून आत कमी वॉटचा पिवळा बल्ब लावा, पेटीपासून हातभर लांब. आत सिलिकाच्या पुड्या टाकल्या तरी चालतात, पण दर पंधरवड्याने बदलायच्या. जमिनीवर तर अजिबात ठेवू नका. समुद्रालगत राहत असाल तर पितळी सुरांवर हिरवा थर चढतो. तो स्वतः खरवडू नका, धातू थोडा जरी निघाला तरी सूर हलतो. कारागिराकडेच द्या, आणि श्रावणाच्या आधी द्या, कारण श्रावणात सगळ्यांनाच आठवण होते.

भाताचं_शेत
आणि पखवाजाच्या बायाला (डाव्या तोंडाला) लावलेली कणीक त्याच रात्री काढून टाका. आमच्याकडे एकदा विसरली, सकाळी झुरळं आणि बुरशी दोन्ही.

दर्यावर्दी
बेडकांना मात्र ना पेटी लागते ना बल्ब. पट्टी कायम एकच, आणि कोरस कधी फुटत नाही.

चाकरमानी_डोंबिवली
मला एक कळत नाही. भजन देवासाठी असतं ना? मग स्पर्धेची फिकीर कशाला? स्पर्धा आली की बाहेरून पेटीवाला, बाहेरून वादक, एकसारख्या साड्या, आणि ज्यांचा आवाज फुटतो त्यांना मागे बसवणं. गणपतीला गावी येतो तेव्हा आईच्या मंडळाचं भजन ऐकायला मी थांबून राहतो, पण गेल्या खेपेला आईच नव्हती त्यात. फक्त स्पर्धेतल्या बायका गायल्या.

भाताचं_शेत
तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण 'भजन देवासाठी' हे बायकांनाच का ऐकवतात? सिंधुदुर्गात पुरुषांच्या डबलबाऱ्या रात्र-रात्र चालतात, बुवा एकमेकांना गाण्यातून सवाल करतात, लोक टेम्पो भरून ऐकायला जातात. तिथे कुणी म्हणत नाही की देवासाठी गाताय तर जिंकायचं कशाला. आता बायकाही बुवा म्हणून डबलबारीला बसतात आणि मला त्याचा अभिमान वाटतो. लावणीच्या दिवसांत चिखलातून येऊन, जेवणं आटपून, रात्री दहाला तालमीला बसणाऱ्या बाईला एकदा टाळ्या मिळाल्या तर त्यात देवाचं काय कमी होतं?

चाकरमानी_डोंबिवली
हे मान्य. टाळ्यांना माझा विरोध नाही. आईला वगळू नका एवढंच.

केतकी_गुहागर
मधला मार्ग म्हणून आम्ही वाटणी केली होती. कडवी तरुण बायका घेतात, धृपद सगळ्या, आणि सुरुवातीचा हरिपाठ वयस्क बायका चालवतात. हरिपाठाला पेटी घेत नाही, त्यामुळे तो आपोआप त्यांच्या सुरात लागतो. शिवाय तेवढ्यात सगळ्यांचे गळे मोकळे होतात.

अबोलीचा_वळेसर
चांगलं आहे, पण धृपदापुरतंच ठेवू नका. आमच्या मंडळात एका आजींना एक संपूर्ण अभंग दिला, त्यांच्या पट्टीत. बाकीच्या मागून म्हणणाऱ्या. त्या दिवशी देवळात पुरुषसुद्धा उठून गेले नाहीत. आणि निवड करताना मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, निर्मळा यांच्याकडे बघा. आपण बायका गातो आणि वहीत शंभरातले नव्वद अभंग पुरुष संतांचे असतात. सोयराबाई चोखोबांच्या पत्नी, निर्मळा त्यांची बहीण, दोघींची रचना किती कमी गायली जाते. म्हातारपणाच्या आवाजात हे शब्द जसे पोचतात तसे चढ्या पट्टीत पोचत नाहीत, हे मी ऐकून सांगतेय.

तानपुरा
अजून एक सुचवतो. जिथे पट्टी बदलणं शक्य नाही, पुरुषांबरोबर सप्ताहात गाताना वगैरे, तिथे मध्यमाचा (म) उपयोग होतो. पुरुषांचा षड्ज काळी एक असेल तर त्यांचा मध्यम काळी तीनवर येतो. बायकांनी त्या मध्यमालाच षड्ज मानून आपली चाल घ्यायची. स्त्री-पुरुष जुगलबंदीत गवई हेच करतात. अर्थात एकच चाल एकदम नाही गाता येत अशी, पाळी-पाळीने गायची. पण अखंड सप्ताहात वाडीवार पहारे असतातच, तेव्हा पुरुषांचा पहारा संपून बायकांचा सुरू होताना तंबोऱ्याचं ॲप न बदलता काम भागतं.

बाबल्याची_आवस
ह्या भारी हा. सप्त्याक आमचो पहारो पहाटेचो असता, तेव्हा गळो उघडनाच नाय. अशा वेळेक आमी पयलो गजर करतो, अगदी सावकाश, खालसून. तासाभरान सूर आपोआप चढता. कोणी चढवूची गरज नसता.

निसर्ग_डॉक्टर_नव्हे
हे शास्त्रानेही बरोबर आहे. झोपेतून उठल्यावर स्वरतंतू थोडे सुजलेले असतात, त्यामुळे पहाटे आवाज खालीच असतो. कोमट पाणी घोट-घोट प्या, आणि सारखं खाकरू नका, त्याने तंतू एकमेकांवर आपटतात. चुलीच्या धुरातून उठून थेट गायला बसू नका.

सुरंगी
सगळ्यांचे प्रतिसाद तालमीत मोठ्याने वाचले. काय झालं ते सांगते.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे पेटी बंद ठेवून सगळ्यात वयस्क काकींना आमचं नेहमीचं एक भजन उचलायला सांगितलं. त्या लाजत होत्या. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोन वेळा परत वाचायला लावलं, मग गायल्या. मुलीने पेटीवर सूर शोधला तर तो पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधोमध निघाला. आम्ही काळी तीन धरली. काळी चारपेक्षा फक्त दोन पट्ट्या खाली, पण कडव्याला मागच्या ओळीतून आवाज आला! मी पुढे बसते, मला मान वळवून बघावं लागलं.

मग वहीतल्या सगळ्या चालींचे वरचे-खालचे सूर काढले. बहुतेक भजनं काळी तीनला बसली. एक गवळण आणि एक अभंग मंद्रात फार जातो, ते काळी चारला ठेवले, शेवटी घ्यायचे, म्हणजे पखवाज एकदाच चढवावा लागेल. काकींना मध्ये एक पूर्ण अभंग दिलाय, पांढरी चारला. तेवढ्यापुरतं पखवाजाऐवजी नुसते टाळ.

येणं सोडलेल्या दोघींपैकी एक परत आल्या. दुसऱ्या नाही आल्या. त्यांच्याकडे मी आणि अजून दोघी जाणार आहोत, भजनाचं बोलायला नाही, सहज. स्पर्धेत उतरायचं आहे आणि सगळ्यांनी मिळून उतरायचं आहे, एवढं ठरलं. उठाव कमी पडेल म्हणणाऱ्या गटाचं समाधान अजून पूर्ण झालेलं नाही, आणि त्यांचा मुद्दा मी सोडून दिलेला नाही. काळी तीनला आम्हाला लय जरा चढी ठेवावी लागेल असं वाटतंय.

एकच अडचण. पेटीवरच्या मुलीची काळी तीनवर बोटं अडखळतात. तिला रडू येतंय. स्केलचेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी पेटी, घ्यावा का?

पेटीमास्तर_संगमेश्वर
मुळीच नको. महाग आणि जड असतो, आणि खाऱ्या हवेत त्याची सरकती यंत्रणा अजून एक दुखणं. तिला सांगा, काळी तीनला घाबरू नकोस. षड्ज काळी तीनवर धरला की सा, रे, ग, प, ध हे पाचही सूर काळ्या पट्ट्यांवरच येतात. म्हणजे भूप रागाच्या अंगाच्या जेवढ्या चाली आहेत तेवढ्या नुसत्या काळ्या पट्ट्यांवर वाजतात, पांढरीला बोट लावायचं कारणच नाही. शुद्ध मध्यम आणि शुद्ध निषाद तेवढे पांढऱ्यांवर, मध्यम पांढरी सातवर आणि निषाद पांढरी चारवर. भूपातल्या एका साध्या चालीपासून सुरुवात करू दे, रोज सकाळी पलटे आणि मग ती चाल, अगदी विलंबित. नवरात्राला भरपूर वेळ आहे. पांढरी चार तर याहून सोपी, तिथे शुद्ध सुरांत एक मध्यम काळ्या पट्टीवर येतो, बाकी सगळ्या पांढऱ्या.

सुरंगी
हे तिला आत्ताच फोन करून सांगते.

केतकी_गुहागर
सुरंगीताई, तुमचा तो सुरांचा तक्ता इथे टाकाल का? आमच्या वहीतल्या निम्म्या चाली त्याच असणार. आणि लय चढी ठेवणार असाल तर धृपद दुसऱ्यांदा घेताना चढवा, सुरुवातीपासून नको. काकींना शब्द टाकायला जागा मिळायला हवी.